मजूर कमी झाले म्हणजे मजुरी वाढतेच, हे अर्धेच खरे

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत चौदाव्या शतकात युरोपात आलेल्या प्लेगवर, ‘काळा मृत्यू’ म्हणतात त्या महामारीवर, लेख आला होता. लेखकाने मेहनत घेतली आहे. पण शेवटी त्यांनी जे म्हटले ते आम्हाला पटले नाही. माणसे मेली, मजूर घटले, मजुरी वाढली, वेठ सुटली. विदर्भातही आज वेचणीला माणूस मिळत नाही, तेव्हा इथेही मजुराचे दिवस आपोआप पालटतील, असा तो शेवट. कापसाच्या पट्ट्यात दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत पारावर दुसरा विषय नसतो. तिथे हा लेख दोन्ही बाजूंनी वापरला जातो आहे. मजूर म्हणतात, बघा, आता आमचा काळ आला. शेतकरी म्हणतात, म्हणूनच आत्ताच भाव बांधून घ्या. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी रोग कसा फिरतो ते. प्लेग मुळात उंदीर-घुशींचा आजार आहे. आजारी उंदराचे रक्त पिसू पिते. त्या रक्तातले जंतू तिच्या पोटाच्या तोंडाशी वाढतात आणि तिथे बोळा बसतो. मग प्यालेले रक्त आत उतरत नाही. पिसू उपाशीच राहते, पुन्हापुन्हा चावते, आणि अडकलेले रक्त जंतूंसकट जखमेत उलटते. उंदीर जिवंत आहे तोवर ही पिसू माणसाच्या वाट्याला फारशी जात नाही. उंदीर मेला आणि त्याचे अंग थंड पडले की ती दुसरे ऊबदार अंग शोधते. चावा पायाला असेल तर गाठ जांघेत येते, हाताला असेल तर काखेत. औषध मिळाले नाही तर गाठीच्या प्लेगात दहापैकी चार ते सहा रोगी दगावतात. तोच रोग फुफ्फुसात उतरला तर औषधाविना जवळपास कुणीच वाचत नाही, आणि मग खोकल्यातून तो माणसाकडून माणसाकडे जातो. युरोपात हा रोग ज्या वेगाने गावोगाव गेला तो एकट्या उंदरांवरून उलगडत नाही. म्हणून माणसाच्या अंगावरच्या पिसवा आणि उवांचाही त्यात हात असावा, असे काही संशोधक मानतात. वाद मिटलेला नाही.

इथेच एक दुरुस्ती तातडीने छापावी अशी विनंती आहे. लेखासोबतच्या चौकटीत ‘घरात मेलेला उंदीर दिसला की लगेच घरातले सगळे उंदीर मारा’ असा सल्ला दिला आहे. साथीच्या शंकेत हे उलटे पडते. झिंक फॉस्फाइडच्या गोळ्या टाकून एका रात्रीत सगळे उंदीर मारले, तर त्यांच्या अंगावरच्या सगळ्या पिसवा एकदम घरातल्या माणसांवर येतात. आधी बिळांत, भिंतीच्या कडेला, धान्याच्या कोठ्यांखाली कीटकनाशक मारून पिसवा संपवायच्या, उंदीर त्यानंतर. एकापाठोपाठ उंदीर पडू लागले तर त्यांना हात लावू नये, झाडूने लोटू नये. हातावर पिशवी चढवून चिमट्याने उचलावे, खोल पुरावे किंवा जाळावे, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवावे. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात हाच क्रम दिसला होता : आधी घरांतून उंदीर पडले, मग पिसवांचा त्रास वाढला, मग माणसांना गाठी आल्या. आज या रोगावर स्ट्रेप्टोमायसिन, डॉक्सिसायक्लिन यांसारखी साधी औषधे आहेत. पण ती पहिल्या एक-दोन दिवसांत सुरू व्हावी लागतात.

चौदाव्या शतकात यातले काही ठाऊक नव्हते. पॅरिस विद्यापीठाच्या वैद्यकशाळेने ऑक्टोबर १३४८ मध्ये राजाला लेखी अहवाल दिला. त्यात २० मार्च १३४५ रोजी शनी, गुरू आणि मंगळ कुंभ राशीत एकत्र आले आणि हवा नासली, असे कारण होते. खरे कारण धान्याच्या पोत्यांत आणि जहाजाच्या तळाशी होते.

मार्ग बऱ्यापैकी निश्चित आहे. किर्गिझस्तानात इसिक-कुल सरोवराजवळ १३३८ आणि १३३९ सालच्या थडग्यांची संख्या एकाएकी वाढलेली दिसते. काही शिळांवर मृत्यूचे कारण ‘मरी’ असे सिरियाक लिपीत कोरलेले आहे. त्या सांगाड्यांच्या दातांतून प्लेगच्या जंतूची जनुके मिळाल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झाले. तिथून व्यापारी वाटांनी रोग काळ्या समुद्राकडे सरकला. १३४६ मध्ये क्रिमियातल्या काफा बंदराला जानीबेगाच्या मंगोल फौजेचा वेढा होता. फौजेतच मरी शिरली. प्रेते गोफणयंत्राने तटावरून आत फेकली म्हणून रोग शहरात गेला, ही गोष्ट पुरवणीत ठळक चित्रासह होती. ती लिहून ठेवणारा माणूस इटलीतल्या पिआचेन्झाचा लेखनिक होता. तो काफात नव्हता. उंदराला तट ओलांडायला गोफण लागत नाही.

१३४७ मध्ये कॉन्स्टँटिनोपल. त्याच वर्षी शरदात अलेक्झांड्रिया, आणि ऑक्टोबरात सिसिलीतले मेसिना, जिथे जेनोआची जहाजे लागली. वर्ष संपता संपता मार्सेय. १३४८ च्या वसंतात फ्लॉरेन्स, उन्हाळ्यात पॅरिस, जूनच्या सुमारास इंग्लंडचा दक्षिण किनारा, शरदात लंडन. १३४९ मध्ये नॉर्वेतले बर्गेन, १३५२ मध्ये रशियातले प्स्कोव्ह, १३५३ मध्ये मॉस्को, आणि तिथे खुद्द महाराजा सिमेऑन मरीच्या वर्षात गेला. नकाशावर पाहिले तर रोगाने युरोपाला वळसा घातलेला दिसतो. काळ्या समुद्रावरून मॉस्को जवळ आहे, पण तिथे तो सर्वांत शेवटी आणि बाल्टिकच्या बाजूने पोचला. तो धान्य आणि कापड वाहणाऱ्या जहाजांबरोबर चालत होता.

विदर्भातल्या जुन्या लोकांना प्लेग म्हटले की गाव सोडून रानात घातलेल्या झोपड्या आठवतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मध्य प्रांत आणि वऱ्हाडात हेच केले जाई, आणि उपाय बरोबर होता, कारण आजारी उंदीर गावात राहत. तो फसे तो दोन कारणांनी. लोक ज्वारीची पोती आणि गोधड्या बरोबर नेत, त्यातून पिसवा जात. किंवा पेरणीच्या, सणाच्या ओढीने लवकर परतत. आपल्याकडे साथ हिवाळ्यात चढे आणि चैत्र-वैशाखात ओसरे, त्यालाही कारण आहे. कडक कोरड्या उन्हात पिसू फार काळ जगत नाही आणि तिच्या पोटातला तो बोळाही टिकत नाही. युरोपात उन्हाळा आपल्यापेक्षा सौम्य, म्हणून तिथे नेमका उन्हाळ्यातच मृत्यूचा कळस होई.

युरोपातली तिसरा हिस्सा ते निम्मी माणसे पाच-सहा वर्षांत गेली. इंग्लंडची लोकसंख्या आधी ४५ ते ५० लाख असावी. १३७७ च्या डोईपट्टीच्या याद्यांवरून ती २५ लाखांच्या आसपास उरलेली दिसते. पण एका तडाख्याने एवढे होत नाही. प्लेग परत परत येत राहिला. १३६१ च्या फेऱ्यात मुले इतकी गेली की लोक तिला पोरांची मरी म्हणत. १३६९ ला पुन्हा, १३७५ ला पुन्हा. वयात येऊन कामाला लागणारी पिढीच दर वेळी कापली जाई. म्हणूनच मजुरांची टंचाई शंभर-दीडशे वर्षे टिकली. पुरवणीतल्या लेखात ही बाब अजिबात नव्हती, आणि तिच्याशिवाय पुढचे काही नीट लागत नाही.

आता मजुरीकडे येऊ. इंग्लंडमध्ये १३४९ नंतर रोख मजुरी वाढली, हे खरे. पण पहिली पंचवीस वर्षे धान्यही महाग होते. कापणीला माणसे नव्हती, काही हंगाम वाईट गेले. हातात जास्त पेनी (तिथले नाणे) आणि घरात तेवढीच भाकर, अशी मजुराची स्थिती बरीच वर्षे राहिली. धान्याचे भाव खऱ्या अर्थाने उतरले १३७५ नंतर, आणि मजुराचे पोट भरू लागले तेव्हापासून. नॉरफॉकमधल्या एका जहागिरीच्या हिशेबवह्यांत सोंगणीच्या मजुरांना दिलेल्या जेवणाची नोंद आहे. तेराव्या शतकात त्यात बहुतेक सातूची भाकरी आणि चीज. पंधराव्या शतकात गव्हाची रोटी, मांस आणि भरपूर बिअर. हा फरक घडायला दोन पिढ्यांहून जास्त काळ लागला.

आणि मधल्या काळात मालक स्वस्थ बसले नव्हते. पहिली लाट अजून ओसरली नव्हती, तेव्हाच १८ जून १३४९ रोजी इंग्लंडच्या राजाने हुकूम काढला. साठ वर्षांखालच्या, स्वतःची जमीन किंवा धंदा नसलेल्या प्रत्येक धडधाकट स्त्री-पुरुषाने मागेल त्याच्याकडे काम केले पाहिजे, आणि मरीआधीच्याच दराने. धडधाकट भिकाऱ्याला भीक घालणेही गुन्हा ठरवले. १३५१ मध्ये संसदेने त्याचा पक्का कायदा केला. त्यातली कलमे विदर्भातल्या कुठल्याही शेतकऱ्याला समजतील अशी आहेत. निंदणीला आणि गवत वाळवायला दिवसाला १ पेनी. गवत कापायला एकरी किंवा दिवसाला ५ पेनी. सोंगणीला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात २ पेनी, दुसऱ्या आठवड्यापासून पुढे ३ पेनी. जेवण किंवा वरकड काही द्यायचे नाही. नांगऱ्या, गाडीवान, मेंढपाळ, गुराखी यांनी रोजाने काम घ्यायचे नाही, वर्षाच्या करारानेच घ्यायचे. रोजंदारी मजुराने अवजारे उघडपणे हातात घेऊन बाजाराच्या गावी यायचे आणि सर्वांसमक्ष कामाला लागायचे, चोरून सौदा करायचा नाही. आपल्या गावात काम मिळत असेल तर हिवाळा जिथे काढला ते गाव उन्हाळ्यात सोडायचे नाही. आणि ऐकणार नाही त्याला अडकवायला गावोगाव लाकडी खोडे उभारायचे.

यातली सर्वांत जड दोन कलमे मजुरीच्या दराची नाहीत. एक वर्षाच्या कराराचे, दुसरे गाव न सोडण्याचे. दर कुठलाही ठरवा, पलीकडच्या गावचा मालक रात्री येऊन दोन पेनी जास्त देतो म्हणाला की दर मोडला. तेव्हा दर टिकवायचा तर माणूस हलता कामा नये, आणि रोज नवा सौदा करण्याची त्याला सवड मिळता कामा नये. कायदा लिहिणाऱ्या जमीनदारांना हे पक्के ठाऊक होते. न्यायाधीश नेमले गेले, दंड वसूल झाले, हजारो मजुरांवर खटले चालले. तरीही कायदा अखेर गळला, आणि त्याला गळती लावणारे मालकच होते. गवत उभे वाळते आहे आणि शेजारची माणसे कापायला तयार आहेत, अशा वेळी कोण जमीनदार कायद्याची कलमे वाचत बसेल? गुपचूप जास्त मजुरी दिली, जेवण दिले, धान्य दिले, आणि हिशेबात जुनाच दर लिहिला. आजचे इतिहासकार अशा हिशेबवह्यांत खाडाखोड करून दर खाली आणलेल्या नोंदी वाचतात.

वेठीच्या कुळांचेही असेच. कायदा करून कुणी त्यांना मोकळे केले नाही. कूळ रात्री बायकोपोरांसह निघे आणि वीस मैलांवर दुसऱ्या जमीनदाराकडे जाई. त्याची जमीन पडीक असे. तो जात-गोत, जुना मालक काही विचारत नसे. मूळ मालकाला मग मागे उरलेल्यांना सवलत द्यावी लागे : वेठीचे दिवस माफ, त्याऐवजी रोख खंड, आणि दफ्तरातल्या नोंदीची नक्कल कुळाच्या हाती. १५०० पर्यंत इंग्लंडमधली वेठ जवळपास संपली ती अशी. मधे १३८१ चे बंड आहे. १५ वर्षांवरच्या प्रत्येकावर डोईमागे १ शिलिंग, म्हणजे १२ पेनी, पट्टी बसवली, ती गरीब-श्रीमंत सर्वांना सारखी. जूनमध्ये केंट आणि एसेक्सचे लोक उठले आणि लंडनवर चालून गेले. गावोगाव त्यांनी जहागिरीची दफ्तरे शोधून जाळली, कारण कोण कुणाचे वेठीचे कूळ ते त्यातच लिहिलेले होते. १५ जूनला स्मिथफिल्डच्या मैदानात राजासमोरच वॉट टायलर मारला गेला आणि बंड मोडले. डोईपट्टी मात्र पुढे कितीतरी काळ पुन्हा तशी लादण्याचे धाडस कुणी केले नाही.

एवढे वाचून कुणी म्हणेल, मग लेखकाचे चुकले कुठे, शेवटी मजूर सुटलाच की. इंग्लंडमध्ये आणि पश्चिम युरोपाच्या काही भागांत सुटला. तोच रोग त्याच वर्षी इजिप्तमध्ये गेला, माणसे तितक्याच प्रमाणात मेली, आणि तिथल्या शेतकऱ्याची दशा उलट झाली.

इजिप्तची शेती नाईलच्या पुरावर. उन्हाळ्याच्या शेवटी पूर येई, बांधांनी अडवलेल्या मोठ्या खाचरांत पाणी घेत, ते मुरले की पेरणी होई. हे बांध आणि कालवे दर वर्षी पुरापूर्वी दुरुस्त करावे लागत, गाळ उपसावा लागे. थोरले बांध सरकारचे, धाकटे गावाचे. त्याला हजारो माणसांचा हात एकाच वेळी लागे. निम्मी माणसे गेल्यावर निम्मे बांध दुरुस्त झाले, असे पाण्याच्या कामात होत नाही. एक बांध फुटला की त्याच्या खालची सगळी खाचरे कोरडी राहतात किंवा वाहून जातात. बरे, जमीन मामलुक, म्हणजे तेव्हाच्या राज्यकर्त्या लष्करी, सरदारांकडे होती ती पगाराच्या बदल्यात, वंशपरंपरेने नव्हे. सरदार कैरोत राहणार, जमीन आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. गाळ उपसायला खर्च करावा असे त्याला वाटण्याचे कारण नव्हते. त्याने उरलेल्या शेतकऱ्यांकडून गेलेल्यांचाही सारा उकळला. पळालेल्यांना सरदारांनी मिळून परत आणले. शेजारचा सरदार जास्त देतो असा प्रकार तिथे घडला नाही, कारण सगळे एकाच सुलतानाच्या फौजेचे. मजूर दुर्मीळ झाला आणि तरीही दरिद्री झाला. जुनी पिकाऊ जमीन भटक्या गुराख्यांच्या चराईखाली गेली.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या वाचकांना हे नवे वाटणार नाही. मालगुजारी तलावांची पाळ, सांडवा, पाट यांची डागडुजी गाव मिळून करत असे. १९५० नंतर मालगुजारी गेली, ते योग्यच झाले, पण गाळ कुणी काढायचा ते ठरले नाही, आणि तलाव उथळ झाले. तिथे माणसे मेली नव्हती, जबाबदारी तुटली होती. इजिप्तमध्ये दोन्ही एकदम झाले.

पूर्व युरोपाची कथा आणखी वेगळी आणि जास्त लांबलेली. जर्मनीतल्या एल्ब नदीच्या पूर्वेला, पोलंडमध्ये, रशियात जमीन भरपूर आणि माणसे आधीच थोडी. तिथल्या जमीनदारांनी आपसांत स्पर्धा करण्याऐवजी राजाकडून कायदे करून घेतले. राजाला फौज आणि कर त्यांच्याकडून हवे होते, त्याने दिले. पोलंडमध्ये १४९६ च्या कायद्याने कुळाला गाव सोडण्याची मुभा जवळपास काढून घेतली. १५२० मध्ये आठवड्यातून किमान एक दिवस मालकाच्या शेतावर फुकट काम ठरले. पुढच्या शतकात त्या एका दिवसाचे कित्येक दिवस झाले, कारण पश्चिमेकडच्या शहरांना गहू आणि राय नावाचे धान्य हवे होते आणि तिकडून पैसा येत होता. रशियात १६४९ च्या कायद्याने पळालेले कूळ परत आणण्याची मुदतच उठवली. किती वर्षांनी सापडला तरी माणूस, त्याची बायको, मुले सगळी जुन्या मालकाची. पश्चिमेत जी वेठ प्लेगनंतर गेली ती पूर्वेत प्लेगनंतरच आली आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत राहिली.

ज्यूंच्या कत्तलीला पुरवणीने दोन ओळी दिल्या. ती बाब त्याहून मोठी आहे. त्यांनी विहिरींत विष घातले अशी अफवा उठली. १३४८ मध्ये जिनिव्हाच्या सरोवराकाठी शिल्योनच्या किल्ल्यात छळ करून कबुलीजबाब काढले गेले आणि त्यांच्या नकला शहरोशहरी पाठवल्या. तेही प्लेगने आमच्यासारखेच मरत आहेत, असे खुद्द पोपने फर्मान काढून सांगितले. कुणी ऐकले नाही. स्ट्रासबर्गमध्ये १४ फेब्रुवारी १३४९ रोजी शेकडो ज्यूंना जाळले, तेव्हा प्लेग त्या शहरात पोचलाही नव्हता. त्यांची येणी रद्द झाली, गहाण वस्तू परत गेल्या, रोकड वाटली गेली. पश्चिम आणि मध्य जर्मनीतल्या कितीतरी जुन्या वस्त्या यात संपल्या आणि उरलेली माणसे पोलंडकडे गेली. साथ ओसरल्यावरही हा बदल शतके टिकला.

आता विदर्भ. आमच्या भागात काही गावांत वेचणीआधी बैठक होते : किलोमागे अमुकहून जास्त कुणी द्यायचे नाही, बाहेरगावच्या शेतकऱ्याच्या ऑटोत बसून बायांनी जायचे नाही, मोडणाऱ्याला दंड. शेतकऱ्याची अडचण खोटी नाही. बोंडे फुटली की कापूस थांबत नाही. अवकाळी पाऊस आला की सरकी भिजते, कापूस पिवळा पडतो, व्यापारी भाव पाडतो. हमीभावाचा भरवसा नाही आणि वेचणी हाच कापसातला सर्वांत मोठा रोख खर्च. त्याची गाऱ्हाणी भावाबद्दल आहेत आणि ती भाव ठरवणाऱ्यांकडेच जायला हवीत. पण सकाळी सात वाजता फाट्यावर उभा राहणारा तो ऑटो, ज्यात शेजारच्या गावचा शेतकरी भाडे स्वतः भरून दहा-बारा बायांना नेतो, त्यावरच बंदी घालायची म्हणजे १३५१ च्या कायद्याचे गाव न सोडण्याचे कलम नव्याने लिहायचे. इंग्लंडच्या मजुराला जे मिळाले ते अशाच पलीकडच्या गावातून मिळाले होते.

बायांचे वेगळे सांगायला हवे. इंग्लंडमध्ये हंगामी रोजंदारीत बाईची मजुरी पुरुषाच्या जवळ आली, पण सालभर घरात नोकरीला ठेवलेल्या बाईची तितकी वाढली नाही. ती हलू शकत नव्हती, सौदा वर्षातून एकदाच. वेचणी जवळपास सगळी बाया करतात, आणि इथे त्यांच्या हातात असलेली एकमेव गोष्ट म्हणजे किलोचा भाव आणि उद्या दुसऱ्या शेतात जाण्याची मोकळीक.

मजुराच्या ताकदीलाही मर्यादा असते, हे पुरवणीतल्या आशावादी लेखकाने लक्षात घ्यावे. पंधराव्या शतकात इंग्लंडच्या बऱ्याच जमीनदारांनी नांगरट सोडून मेंढ्या पाळल्या. जिथे वीस माणसे लागत तिथे एक मेंढपाळ आणि एक कुत्रा पुरे झाला, आणि कित्येक गावे नुसती कुरणे होऊन बसली. आपल्याकडे मेंढीच्या जागी तणनाशक आणि सोयाबीनचे हार्वेस्टर आहे. निंदणीच्या बायांचे काम गेले ते मजुरी वाढली म्हणून की आधीच, यावर वाद होईल. पण ते गेले आहे.

आणि उचल. सालदाराचा करार गुढीपाडव्याला होतो, आणि बहुधा आधीच्या उचलीचे काही बाकी असतेच. बाकी फिटल्याशिवाय दुसरा मालक धरता येत नाही. गावात हा करार तोंडी असतो आणि हिशेब एकाच वहीत, मालकाच्या. रशियाच्या कुळाला कायद्याने बांधले होते, पोलंडच्या कुळाला वेठीने. इथे बाकीने बांधले जाते. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात उचलीच्या मोबदल्यात माणसाला दुसरीकडे कामाला जाण्यापासून अडवणे, हे स्पष्टपणे येते. किमान वेतनाचा कायदा मजुरीचा तळ ठरवतो. वरची मर्यादा ठरवण्याचा अधिकार तो कुणालाच देत नाही, ना गावच्या बैठकीला, ना ग्रामसभेला.

म्हणून दोन मागण्या करतो. बैठकीत वेचणीचा भाव बांधणाऱ्यांनी तो ठराव ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात लिहून दाखवावा. तिथे तो टिकणार नाही हे त्यांनाही माहीत आहे. आणि येत्या पाडव्याला सालदाराशी करार करताना दोन प्रती कराव्यात : सालाची रक्कम, धान्य, कपडे, सुट्ट्या, दिलेली उचल, मागची बाकी आणि महिन्याला किती वळती होणार, एवढे सात रकाने पुरे. एक प्रत मालकाकडे, दुसरी सालदाराच्या घरी. दर महिन्याची वळती दोन्ही प्रतींवर त्याच दिवशी लिहावी आणि वाचून दाखवावी. सालदाराला वाचता येत नसेल तर त्याच्या शाळेत जाणाऱ्या पोराला समोर बसवावे.

आपले,
इतिहासाचे दोन निवृत्त शिक्षक,
जि. यवतमाळ